जबड्याचा कोपरा नेमका कुठे? कवटीवरच्या खुणा आणि त्रिमितीय स्कॅनचा भरवसा

कानाच्या पाळीखाली बोट ठेवा आणि जबड्याच्या कडेकडेने हळूहळू खाली या. एका जागी हाड वळतं आणि हनुवटीच्या दिशेने निघतं. हा जबड्याचा कोपरा. तो बोटाला लागतो, त्याबद्दल वाद नाही. आता बोटाऐवजी पेनाचं टोक घ्या आणि कोपऱ्याचा नेमका बिंदू दाखवा. इथे गोची होते. हा कोपरा वहीच्या पानासारखा टोकदार नसून कडा घासून गोल केलेल्या टेबलासारखा आहे. वळण कुठे सुरू झालं, कुठे संपलं, मधोमध कोणता ठिपका, याचं उत्तर दर वेळी थोडं सरकतं.

दात आणि जबडे जुळवणारे ऑर्थोडॉन्टिस्ट या बिंदूला गोनिऑन म्हणतात. कवटीवर असे अनेक बिंदू त्यांनी ठरवून ठेवले आहेत. त्यांना लँडमार्क म्हणतात, आपण खुणा म्हणू. या खुणांमधली अंतरं आणि कोन मोजून जबडा पुढे आहे की मागे, चेहरा एका बाजूला झुकलाय का, शस्त्रक्रियेत हाड किती सरकवायचं, हे ठरतं. म्हणजे सगळा हिशेब खुणांवर उभा. मग प्रश्न असा, की एकाच स्कॅनवर दोन डॉक्टरांनी तीच खूण लावली तर ती एकाच जागी पडते का? आणि त्याच डॉक्टरने दोन आठवड्यांनी, आधीचं उत्तर न बघता, पुन्हा लावली तर?

थोडं मागे जाऊ, कारण आजच्या अडचणीचं मूळ जुन्या फिल्मवर आहे. क्ष-किरणांचा शोध 1895चा. 1931 साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, डोकं एका चौकटीत स्थिर धरून ठरावीक अंतरावरून एक्स-रे काढायची पद्धत मांडली. कानात दोन दांडे, डोकं हलायचं नाही, म्हणजे आजची फिल्म आणि पाच वर्षांनंतरची फिल्म शेजारी ठेवून ताडता येते. फिल्मवर पारदर्शक कागद ठेवायचा, टोकदार पेन्सिलीने हाडांच्या कडा गिरवायच्या, खुणा करायच्या आणि कोनमापक लावायचा. ही सेफॅलोमेट्री. 1953 साली स्टायनरने मांडलेलं विश्लेषण आजही विद्यार्थ्यांना पाठ असतं. वरचा जबडा कवटीच्या तळाशी 82 अंशांचा कोन करतो, खालचा 80 अंशांचा, आणि दोघांतला फरक 2 अंश. या फरकाला एएनबी कोन म्हणतात. तो 4च्या वर गेला की खालचा जबडा वरच्याच्या मानाने मागे आहे असं धरतात, शून्याच्या खाली गेला की पुढे.

फिल्म म्हणजे सावली. डावा आणि उजवा जबडा एकमेकांवर पडतो, फिल्मपासून लांब असलेली बाजू थोडी मोठी दिसते, आणि दोन्ही कडा दिसल्या तर त्यांच्या मधून रेघ मारायची अशी रीत. यातली गंमत म्हणजे आर्टिक्युलेर नावाची खूण. खालच्या जबड्याच्या मागच्या कडेची सावली कवटीच्या तळाच्या सावलीला जिथे छेदते, तो हा बिंदू. खऱ्या कवटीवर तो शोधू नका, सापडणार नाही. दोन वेगवेगळ्या हाडांच्या सावल्या एकमेकींना ओलांडतात, एवढंच त्याचं अस्तित्व. तरीही त्याच्यावरून कित्येक वर्षं कोन मोजले गेले आणि ते उपयोगीही पडले, कारण सावलीत तो चटकन आणि स्पष्ट दिसतो. खूण खरी असणं आणि खूण पुन्हा त्याच जागी सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

1971 साली बॉमरिंड आणि फ्रँत्झ यांनी या फिल्मवरच्या चुकांकडे नीट बघितलं. अनेकांनी लावलेली एकच खूण ठिपक्यांच्या रूपात एकमेकांवर ठेवली, तर ठिपक्यांचा पुंजका तयार होतो. त्यांना दिसलं की हा पुंजका दर वेळी गोल नसतो. प्रत्येक खुणेच्या पुंजक्याला स्वतःचा आकार असतो, कुणाचा उभा लांबट, कुणाचा आडवा. कारण विचार केला तर सरळ आहे. हनुवटीचा सगळ्यात खालचा बिंदू घ्या, त्याला मेंटॉन म्हणतात. ‘सगळ्यात खाली’ म्हटल्यावर वर-खाली चूक होण्याला वाव कमी, पण तिथली कड जवळजवळ सपाट असल्याने बिंदू पुढे-मागे खुशाल घसरतो. वरच्या जबड्याच्या पुढच्या बाजूला ए बिंदू असतो, दातांच्या मुळांवरच्या खोलगट भागातला सर्वांत आतला. तिथे उलट होतं: पुढे-मागे तो पक्का, वर-खाली ढिला. थोडक्यात चूक हाडाच्या पृष्ठभागावरून घसरते, पृष्ठभाग भेदून आरपार सहसा जात नाही.

हा मुद्दा मला या सगळ्या विषयातला सर्वांत कामाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. ए बिंदू वर-खाली दोन मिलिमीटर चुकला म्हणून घाबरायचं का? काय मोजायचंय त्यावर आहे. स्टायनरचे कोन नाकाच्या मुळाशी असलेल्या नेझिऑन या खुणेपाशी मोजतात, आणि तिच्यापासून ए बिंदू प्रौढांत साधारण 55 ते 60 मिलिमीटर खाली असतो. तो उभ्या दिशेने घसरला, म्हणजे जवळजवळ त्याच रेषेवरून घसरला, तर कोनाला फारसा धक्का बसत नाही. तोच बिंदू एक मिलिमीटर पुढे सरकला की कोन जवळपास एक अंशाने बदलतो. एएनबी 4 आहे की 5, यावर उपचाराची दिशा ठरत असेल, तर तो एक मिलिमीटर महाग पडतो. उलट चेहऱ्याची उभी उंची मोजायची असेल, तर वर-खालची घसरणच घात करते. म्हणून ‘ही खूण विश्वासार्ह आहे का’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या दिशेने, आणि कशासाठी, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आता त्रिमितीय स्कॅनकडे येऊ. दातांसाठी वापरतात ते मशीन म्हणजे कोन-बीम सीटी, बोलताना सगळे सीबीसीटी म्हणतात. शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोवती एक फेरी मारतो, त्या फेरीत शेकडो चित्रं घेतो, आणि संगणक त्यांतून डोक्याचा एक ठोकळा बांधतो. इटलीत तयार झालेल्या अशा पहिल्या मशीनचं वर्णन 1998 साली प्रसिद्ध झालं. हा ठोकळा बारीक घनांचा बनलेला असतो, त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. एका व्हॉक्सेलची बाजू बहुतेक वेळा 0.1 ते 0.4 मिलिमीटर असते. सावल्यांची सरमिसळ गेली, डावं-उजवं वेगळं दिसायला लागलं, आकार मोठा दिसण्याची भानगड संपली. आता काय, खूण एका व्हॉक्सेलच्या अचूकतेने लागणार, असं वाटणं स्वाभाविक होतं.

तसं झालं नाही. फिल्मवर सावल्यांमध्ये हरवणाऱ्या काही खुणा स्कॅनमध्ये खरोखरच चांगल्या सापडायला लागल्या. पण माणसामाणसांतला फरक कित्येक खुणांच्या बाबतीत एक-दोन मिलिमीटरच्या आसपास राहिला, म्हणजे व्हॉक्सेलच्या कितीतरी पट. मशीनची जाळी बारीक झाली तरी प्रश्न मिटला नाही, कारण प्रश्न जाळीचा नव्हताच. प्रश्न व्याख्येचा होता.

सेला ही खूण बघा. कवटीच्या तळाशी पियुषिका ग्रंथी ज्या खोगिरासारख्या खळग्यात बसते, त्या खळग्याचा मध्य म्हणजे सेला. फिल्मवर वाटीचा आकार दिसायचा, डोळ्यांनी त्याचा मध्य धरायचा, काम झालं. स्कॅनमध्ये तुम्ही ठोकळा फिरवता आणि लक्षात येतं की मध्य म्हणजे पोकळी. तिथे हाडच नाही. खूण हवेत लटकलेली. शिवाय खळग्याला रुंदीही आहे, मग डावीकडून उजवीकडे मध्य कुठे? फिल्मच्या व्याख्येत याचं उत्तर नव्हतं, कारण फिल्मला ती दिशाच नव्हती. प्रत्येक जण आपापलं उत्तर शोधतो, आणि व्यक्ती तितक्या प्रकृती.

पोरिऑनची कथा आणखी वाकडी आहे. कानाच्या हाडी नळीच्या तोंडाचा सर्वांत वरचा बिंदू, अशी व्याख्या. नळीचं तोंड म्हणजे काय? बाहेरची कड की किंचित आतली? ती कड एकसारखी नसते, खडबडीत आणि तिरकी असते. फिल्मच्या काळात अनेक जण कानातल्या दांड्याची सावली घेऊन वेळ भागवत. स्कॅनमध्ये दांडाच नाही.

आणि ऑर्बिटाल. डोळ्याच्या खोबणीच्या कडेचा सर्वांत खालचा बिंदू. सर्वांत खालचा म्हणजे कशाच्या मानाने? डोकं किंचित कलतं धरलं की खालचा बिंदू बदलतो. डोकं सरळ कसं धरायचं हे ठरवण्यासाठी फ्रँकफर्ट पातळी वापरतात, 19व्या शतकाच्या अखेरीस मानवशास्त्रज्ञांनी जर्मनीत ठरवलेली. ती पातळी दोन्ही पोरिऑन आणि एका ऑर्बिटालमधून जाते. म्हणजे ऑर्बिटाल शोधायला डोकं सरळ हवं, आणि डोकं सरळ करायला ऑर्बिटाल हवं. आधी कोंबडी की आधी अंडं, दुसरं काय.

याचा परिणाम एका खुणेपुरता राहत नाही. समजा डावा पोरिऑन आणि डावं ऑर्बिटाल बरोबर लागले आणि उजवा पोरिऑन एक मिलिमीटर वर लागला. दोन पोरिऑनमधलं अंतर ढोबळमानाने 115 मिलिमीटर धरलं, तर सगळी पातळी अर्ध्या अंशाने एका बाजूला कलते. हनुवटी त्या पातळीच्या साधारण 90 मिलिमीटर खाली. म्हणजे हनुवटी स्वतःच्या जागी असूनही, मोजणीत ती पाऊण मिलिमीटरहून थोडी जास्त एका बाजूला सरकलेली दिसेल. हनुवटीची खूण कितीही काळजीपूर्वक लावा, उपयोग नाही. ज्या चौकटीवरून सगळं मोजायचं तीच हलली, तर कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखं होतं. म्हणूनच सॉफ्टवेअरमध्ये डोकं सरळ करण्यासाठी कुठल्या खुणा घेतल्या, हे न सांगता आलेला अहवाल वाचताना मी जरा जपूनच असतो.

प्रत्यक्ष खूण लावताना काय होतं ते जवळून बघू. पडद्यावर चार खिडक्या असतात. तीन खिडक्यांत डोक्याचे काप: वरून, समोरून, बाजूने. चौथीत फिरवता येणारी अख्खी कवटी. नवख्याचा हात आधी त्या कवटीकडे जातो, कारण ती देखणी असते. पण ती कवटी म्हणजे संगणकाने केलेला निर्णय आहे. किती घनतेच्या वरचं ते हाड मानायचं, ही मर्यादा एका पट्टीवर ठरवलेली असते. पट्टी थोडी सरकवा, डोळ्याच्या खोबणीच्या पातळ भिंतीला भोकं पडतात, दातांच्या मुळांवरचं हाड विरून जातं. पट्टी उलट सरकवा, कवटी जाडजूड होते आणि कडा बाहेर येतात. खूण त्या कवटीवर टेकवली, तर ती त्या पट्टीवरही टेकली. म्हणून जाणकार कवटीवर फक्त अंदाजाने टिचकी मारतात आणि मग कापांमध्ये जाऊन खूण पक्की करतात.

गोनिऑन अशा पद्धतीने लावायला घ्या. बाजूच्या कापात गोल वळण दिसतं, त्याच्या मध्यावर टिचकी मारली. समोरच्या कापात बघितलं तर खूण हाडाच्या बाहेर, हवेत. ती हाडाच्या कडेवर आणली. बाजूच्या कापात परतलो, तर काप दुसरा झालेला आणि वळण किंचित वेगळं दिसतंय. तिथे पुन्हा मध्य धरला. दोन-तीन फेऱ्यांनी खूण स्थिरावते, पण दर वेळी त्याच जागी स्थिरावते असं नाही. इथेही दिशा महत्त्वाची. जबड्याच्या खालच्या कडेवरून ती पुढे-मागे घसरली, तर खालच्या कडेचा उतार फारसा बदलत नाही. पण मागच्या कडेवरून दोन मिलिमीटर वर चढली, तर हनुवटीपर्यंत साधारण 70 मिलिमीटर धरून उतारात दीड अंशाहून जास्त फरक पडतो.

याउलट नेझिऑन लावताना जीव भांड्यात पडतो. कपाळाचं हाड आणि नाकाची हाडं जिथे जुळतात ती शिवण मधल्या कापात बहुतेकांना दिसते. समोरच्या दाताचं टोकही असंच, टोकदार आणि भोवतालापेक्षा खूप उजळ. 1991 साली बुकस्टाइन या अभ्यासकाने खुणांची जी प्रतवारी केली तिचा गाभा हाच आहे. जिथे दोन-तीन रचना प्रत्यक्ष भेटतात त्या खुणा सगळ्यात पक्क्या, जिथे वळणाचं टोक आहे त्या मधल्या, आणि ‘सर्वांत लांबचा’, ‘सर्वांत खालचा’ अशा दुसऱ्या कशाच्या तरी आधाराने ठरणाऱ्या खुणा सगळ्यात कच्च्या. सीबीसीटीवरच्या अभ्यासांचा एकंदर कलही याला धरूनच आहे: चेहऱ्याच्या मध्यरेषेवरच्या आणि दातांवरच्या खुणा चांगल्या जुळतात; पोरिऑन, ऑर्बिटाल आणि जबड्याच्या सांध्याच्या गोल डोक्यावरच्या खुणा कमी जुळतात.

आता आकड्यांबद्दल. अशा अभ्यासांत आयसीसी नावाचा एक गुणांक भेटतो, शून्य ते एकच्या दरम्यानचा. 0.9च्या वर गेला की ‘उत्कृष्ट’ म्हणायची पद्धत आहे. 0.99 वाचलं की माणूस निर्धास्त होतो, आणि इथेच फसतो. हा गुणांक चूक किती हे सांगत नाही. रुग्णारुग्णांतल्या फरकाच्या तुलनेत चूक किती हे सांगतो. समजा खूण लावताना होणाऱ्या चुकीचा पसारा 1.5 मिलिमीटर आहे. डोकी स्कॅनमध्ये वेगवेगळ्या उंचीवर बसलेली असल्याने त्या खुणेच्या जागांचा पसारा 15 मिलिमीटर असेल, तर गुणांक 0.99 येतो. तीच डोकी आधी एकमेकांशी नीट जुळवून घेतली आणि रुग्णांतला पसारा 3 मिलिमीटरवर आला, तर तीच चूक, तोच माणूस, तीच खूण असूनही गुणांक 0.80 होतो. म्हणजे 0.99 मधलं बरंचसं श्रेय रुग्ण खुर्चीत कसे बसले याला जातं!

म्हणून चूक मिलिमीटरमध्ये किंवा अंशांत मागावी. त्यासाठीचं सूत्र दालबर्ग या स्वीडिश संशोधकाने 1940 सालीच दिलं होतं. दोन वेळच्या मोजण्यांतल्या फरकांचे वर्ग करा, बेरीज करा, जोड्यांच्या दुपटीने भागा, वर्गमूळ काढा. उत्तर थेट मिलिमीटरमध्ये. 1986 साली ब्लँड आणि ऑल्टमन यांनी फरकांचा आलेख काढून बघायची पद्धत रुजवली, तीही इथे वापरतात. त्या आलेखात आणखी एक गोष्ट दिसते. एखादा डॉक्टर दर वेळी खूण एक मिलिमीटर मागेच लावत असेल, तर तो स्वतःशी अगदी प्रामाणिक आणि दुसऱ्यांशी कायम विसंगत असतो. दोन-तीनदा खूण लावून सरासरी घेतली तर इकडे-तिकडे होणारी चूक कमी होते. हा मागे लावण्याचा स्वभाव सरासरीने जात नाही. तो जातो एकत्र बसून, प्रत्येक कापात खूण नेमकी कुठे हे आधी लिहून ठरवल्याने. असं केल्यावर जुळणी सुधारते, आणि यात महागडं काहीच नाही.

अभ्यास वाचताना आणखी एक पोटदुखी. बहुतेक ठिकाणी एकच स्कॅन दोनदा वाचलेलं असतं. कारण योग्यच आहे, निव्वळ अभ्यासासाठी माणसाला दुसऱ्यांदा किरणांसमोर बसवता येत नाही. पण त्यामुळे रुग्ण किंचित हलणं, दातांतल्या धातूच्या भरावामुळे आणि तारेसाठी दातांवर चिकटवलेल्या ब्रॅकेटमुळे चित्रात उमटणारे पट्टे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सेटिंगवर काढलेलं स्कॅन, ही सगळी चूक हिशेबाबाहेर राहते. कोरड्या कवट्यांवर दोनदा काय, वीसदा स्कॅन काढता येतं, पण कोरडी कवटी हलत नाही आणि तिच्याभोवती मांसही नसतं. तिथे आलेला आकडा खऱ्या रुग्णापेक्षा सहसा गोड असतो.

खुणा आपोआप लावणारी सॉफ्टवेअर आता आली आहेत. त्यांचा एक गुण वादातीत आहे: तेच स्कॅन दिलं की तेच सॉफ्टवेअर तेच उत्तर देतं, थकत नाही. पण पुन्हा तीच जागा सापडणं म्हणजे बरोबर जागा सापडणं नव्हे. आर्टिक्युलेर आठवा. 2015 साली बाजूच्या एक्स-रेवर खुणा शोधण्याची एक जागतिक स्पर्धा झाली होती. 400 फिल्म, प्रत्येकीवर 19 खुणा, आणि खूण 2 मिलिमीटरच्या आत पडली की पास. उत्तरपत्रिका कशी बनवली होती? दोन डॉक्टरांनी लावलेल्या खुणांची सरासरी. दोघांचं जिथे जमलं नाही तिथेही मधला ठिपका ‘सत्य’ ठरला. सॉफ्टवेअरला दुसरं सत्य कुठून मिळणार?

उपचाराआधीचं आणि नंतरचं स्कॅन ताडायचं असेल, तर एक पळवाट आहे. खुणांच्या भानगडीत न पडता संगणक दोन्ही स्कॅनमधल्या कवटीच्या तळाच्या पुढच्या भागाच्या करड्या छटाच एकमेकींशी जुळवतो. वाढ पूर्ण झालेल्या माणसात हा भाग बदलत नाही, मुलांमध्येही तो लवकर स्थिरावतो, म्हणून तो निवडतात. मग जबडा कुठे किती सरकला याचा रंगीत नकाशा मिळतो, लाल पुढे, निळा मागे. सर्जन तो नकाशा बघतो, मान डोलावतो आणि विचारतो, ठीक आहे, पण हनुवटी नक्की किती मिलिमीटर पुढे आली? मग हनुवटीवर मोजायचं कुठे ते ठरवावं लागतं, आणि कुणीतरी माउस हातात घेऊन बाजूचा काप उघडतं.